टूनाच्या डब्यातला पारा: हिशेब आठवड्याचा लावा

डबाबंद माशात पारा असतो का? असतो. मग घाबरायचं का? ते तीन गोष्टींवर ठरतं: डब्यात नेमका कोणता मासा आहे, आठवड्याला त्याचे किती ग्रॅम पोटात जातात आणि खाणाऱ्याचं वजन किती. या तिन्ही गोष्टी घरबसल्या कळतात. त्यासाठी स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि फोनमधला कॅल्क्युलेटर पुरतो.

सातारा-सांगलीत हा प्रश्न आता पडायला लागला, त्याला कारण आहे. ताजा समुद्री मासा इथे घाट चढून येतो. चिपळूणहून कुंभार्ली घाटाने कराडला, रत्नागिरीकडून आंबा घाटाने कोल्हापूर-सांगलीकडे. रोज हवा तो मासा मिळेल याची खात्री नाही, आणि मिळाला तरी साफ करत बसायला वेळ नाही. त्यामुळे जिमला जाणारी, पोलीस किंवा सैन्यभरतीची तयारी करणारी, तालमीत कसणारी पोरं टूनाच्या डब्याकडे वळलीत. स्वस्तात प्रोटीन मिळतं, चूल पेटवावी लागत नाही, हॉस्टेलच्या खोलीतही चालतं. महिन्याकाठी दोन डबे खाणाऱ्याने हा लेख वाचला नाही तरी चालेल. रोज एक डबा फोडणाऱ्याने मात्र शेवटपर्यंत वाचावा.

हा पारा कुठून येतो

कोळसा जाळणारी वीजकेंद्रं, सोन्याच्या खाणी आणि ज्वालामुखी यांतून पारा हवेत जातो आणि पावसाबरोबर पाण्यात उतरतो. तळाच्या गाळातले जिवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरीत रूपांतर करतात. खरा त्रास या रूपाचा आहे. थर्मामीटर फुटून त्यातला पारा चुकून गिळला गेला, तर आतड्यातून तो जवळजवळ शोषलाच जात नाही (त्याची वाफ मात्र घातक). मिथाइल मर्क्युरी याच्या उलट वागतं. जेवणातून आलेल्यापैकी सुमारे 95 टक्के रक्तात उतरतं, मेंदूपर्यंत पोचतं आणि गर्भाशयातली वार ओलांडून पोटातल्या बाळापर्यंतही जातं.

शेवाळ खाणाऱ्या लहानग्या जिवांत ते कणभर असतं. त्यांना खाणाऱ्या माशात थोडं जास्त, त्या माशाला खाणाऱ्यात आणखी जास्त. म्हणून जो मासा मोठा, शिकारी आणि वयाने जुना, त्यात पारा जास्त. पेडवे-तारली वर्ष-दोन वर्षं जगणारी आणि पाण्यातलं बारीक खाणारी, तर शार्क आयुष्यभर इतर मासे खात वाढणारा. दोघांच्या पाऱ्यात सत्तर-पंचाहत्तर पट फरक पडतो. पत्र्याच्या डब्याचा याच्याशी काही संबंध नाही. डबाबंद करताना पारा वाढत नाही आणि कमीही होत नाही.

जपानमधल्या मिनामाता गावात 1956 साली जो आजार उघडकीस आला, तो याच मिथाइल मर्क्युरीचा. पण तिथे रसायनांच्या कारखान्याचं सांडपाणी थेट खाडीत सुटत होतं आणि लोक त्याच खाडीतले मासे रोज खात होते. ते प्रमाण आणि दुकानातल्या डब्यातलं प्रमाण यांची तुलना होत नाही. मिनामाताचे फोटो जोडून फिरणारे मेसेज पुढे पाठवण्याआधी एवढं लक्षात ठेवावं.

डबा वाचायचा कसा

समोर मोठ्या अक्षरात नुसतं ‘टूना’ लिहिलेलं असतं. त्यावरून काहीच ठरत नाही, कारण टूना हे एका माशाचं नाव नाही. डबा फिरवा आणि घटकपदार्थांच्या बारीक ओळी वाचा. तिथे बहुधा माशाची जात दिलेली असते, कधी इंग्रजीत, कधी शास्त्रीय नावाने.

‘स्किपजॅक’ किंवा ‘कात्सुवोनस पेलामिस’ असेल तर हा टूनातला लहान भाऊ. लक्षद्वीपचे मच्छीमार गळाने पकडतात तो हाच. ‘लाइट’ लिहिलेल्या डब्यांत बहुतेक वेळा स्किपजॅक असतो, पण त्यात यलोफिन मिसळलेला असू शकतो. म्हणून ‘लाइट’ या शब्दापेक्षा जातीच्या नावावर विश्वास ठेवा. ‘व्हाइट टूना’ म्हणजे अल्बाकोर, शास्त्रीय नाव ‘थुन्नस अलालुंगा’. हा मोठा आणि जास्त जगणारा. इथे एक हमखास फसगत होते. ‘थुन्नस अल्बाकेअर्स’ वाचून लोक त्याला अल्बाकोर समजतात, पण तो यलोफिन. सुदैवाने दोघांतला पारा जवळपास सारखाच असल्याने या चुकीने हिशेब बिघडत नाही. उलटी चूक महागात पडते: यलोफिनचा डबा स्किपजॅक समजून खाल्ला की अंदाज जवळजवळ तिपटीने चुकतो.

जातीचं नाव नसेल तर झाकण उघडल्यावर रंग बघा. स्किपजॅकचा चुरा गुलाबीसर-तपकिरी, बारीक आणि मऊ असतो, वास उग्र. अल्बाकोरचे तुकडे पांढुरके, घट्ट, उकडलेल्या कोंबडीच्या छातीसारखे धाग्याधाग्याने सुटतात. यलोफिन या दोन्हींच्या मधला दिसतो, त्यामुळे रंगावरून शंभर टक्के ठरवू नका. शंका असली की जास्त पाऱ्याचा आकडा धरून चला.

दुसरी ओळ वजनाची. डब्यावर दोन वजनं असतात. एक निव्वळ वजन, म्हणजे मासा आणि त्यातलं पाणी किंवा तेल मिळून. दुसरं ‘ड्रेन्ड वेट’, म्हणजे निथळलेल्या माशाचं. हिशेबाला हेच दुसरं घ्यायचं. 185 ग्रॅमच्या डब्यात मासा साधारण 130 ग्रॅम भरतो. ड्रेन्ड वेट दिलेलं नसेल तर एकदा झाकण दाबून पाणी काढा, मासा वाटीत घेऊन काट्यावर ठेवा आणि तो आकडा फ्रिजच्या दारावर लिहून ठेवा. त्या ब्रँडला पुन्हा मोजायची गरज नाही.

लेबल फाटलेला, भिजून निघालेला डबा निम्म्या किमतीत मिळाला तरी घेऊ नका. 2019 च्या महापुरासारखा पूर येऊन गेला की भिजलेला माल स्वस्तात फिरायला लागतो. पुराच्या पाण्याची घाण हा धोका आहेच, पण जातच कळत नसेल तर पुढचा हिशेब मांडणार कशावर?

हिशेब

पाऱ्याचं प्रमाण पीपीएममध्ये देतात. एक पीपीएम म्हणजे माशाच्या एका ग्रॅममध्ये एक मायक्रोग्रॅम पारा. त्यामुळे गुणाकार सरळ होतो: ग्रॅम गुणिले पीपीएम.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वर्षानुवर्षं नमुने तपासून काढलेल्या सरासऱ्या अशा: लाइट टूनाचा डबा 0.126, अल्बाकोरचा डबा 0.350, यलोफिन 0.354, बिगआय टूना 0.689. आता दुसरं टोक बघा: सार्डिन 0.013, डबाबंद सामन 0.014, अँकोव्ही 0.016. अटलांटिक बांगड्यात 0.050. शार्कमध्ये 0.979, तलवार माशात 0.995. या सरासऱ्या आहेत, एखादा डबा वर-खाली निघणारच. पण आठवड्यामागून आठवडे खाणाऱ्याच्या पोटात शेवटी सरासरीच जाते.

मर्यादा किती? अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेची मर्यादा रोज, दर किलो वजनामागे 0.1 मायक्रोग्रॅम. आठवड्याला 0.7. म्हणजे तुमच्या वजनाला 0.7 ने गुणलं की आठवड्याचा कोटा निघाला. जागतिक आरोग्य संघटना आणि एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना) यांच्या संयुक्त समितीची मर्यादा सैल आहे, आठवड्याला दर किलो 1.6, आणि युरोपची 1.3. घरच्या हिशेबाला सगळ्यात कडक मर्यादा धरलेली बरी. तिच्यात दहापटीची सुरक्षितता आधीच घातलेली आहे, त्यामुळे एखाद्या आठवड्यात ती ओलांडली म्हणून विषबाधा होत नाही. महिनोनमहिने ओलांडत राहणं टाळायचं आहे.

आता मांडून बघू. 60 किलोचा माणूस: 60 × 0.7 = 42 मायक्रोग्रॅम. लाइट टूनाचा 130 ग्रॅमचा डबा: 130 × 0.126 = 16.4. म्हणजे आठवड्याला अडीच डबे. त्याच माणसाने अल्बाकोर घेतला तर 130 × 0.350 = 45.5. एका डब्यातच कोटा संपून थोडा वर गेला. सार्डिनच्या डब्यात मासा 90 ग्रॅम धरला तर पारा 1.2 मायक्रोग्रॅम. रोज एक खाल्ला तरी आठवड्याला साडेआठसुद्धा होत नाही.

कोट्यात फक्त डबे मोजू नका. रविवारी मोठ्या सुरमईच्या दोन तुकड्या खाल्ल्या असतील तर त्याही त्याच खात्यात जातात. सुरमई हा मोठा शिकारी मासा आहे, घरचा हिशेब करताना तिला अल्बाकोरच्या रांगेत बसवा. अमेरिकन सल्ल्यात ज्या ‘किंग मॅकरेल’ला टाळा म्हणतात तो अटलांटिकमधला सुरमईचा चुलतभाऊ, आपला बांगडा नव्हे. ‘मॅकरेल’ शब्द वाचून बांगडा सोडणारे लोक आहेत, त्यांनी तो खुशाल खावा.

तालीम आणि जिम

85 किलोच्या पैलवानाचा आठवड्याचा कोटा 59.5. लाइट टूनाचे तीन डबे आरामात बसतात, चौथा वर जातो. रोज एक डबा म्हणजे आठवड्याला 115 मायक्रोग्रॅम, कडक मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. संयुक्त समितीच्या सैल मर्यादेने (85 × 1.6 = 136) तो अजून आत आहे, म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही, पण वर्षभर असंच चालू ठेवणं शहाणपणाचं नाही. रोज यलोफिन किंवा अल्बाकोर खाणारा मात्र 320 च्या आसपास जातो. तो दोन्ही मर्यादांच्या बाहेर आहे. त्याने आजच बदल करावा.

हळूहळू साठतं म्हणजे काय, तेही समजून घ्या. मिथाइल मर्क्युरीचं शरीरातलं अर्धं प्रमाण बाहेर पडायला साधारण 50 दिवस लागतात. रोज खाणाऱ्याच्या अंगात ते सात-आठ महिने वाढत राहतं, मग एका पातळीवर थांबतं. पहिल्या महिन्यात ‘मला काही झालं नाही’ म्हणणाऱ्याचं प्रमाण अजून पुरतं चढलेलंही नसतं.

बदल म्हणजे मासा सोडणं नव्हे. आठवड्यात लाइट टूनाचे तीन डबे ठेवा आणि उरलेले चार दिवस दुसरं काही लावा. 130 ग्रॅम टूनातून साधारण 32 ग्रॅम प्रोटीन मिळतं. तेवढंच पाच अंड्यांतून मिळतं, किंवा शिजवलेल्या 100-110 ग्रॅम चिकन ब्रेस्टमधून, किंवा 60 ग्रॅम कोरड्या सोया चंक्समधून. सार्डिनचा डबा घेतला तर प्रोटीन थोडं कमी, पण ओमेगा-3 टूनापेक्षा भरपूर. सार्डिनची चव उग्र लागते ही खरी अडचण. कांदा, हिरवी मिरची, लिंबू घालून कुस्करा आणि ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर खाऊन बघा, पोरं मागून खातात. तळ्यातले रोहू आणि कटला शिकारी नाहीत, तेही चालतात.

कृष्णेत अधूनमधून मेलेल्या माशांचा खच पडतो, त्यावरून नदीचा मासा पाऱ्याचा असं समजू नका. तिथे बहुतेक वेळा मळी किंवा सांडपाण्यामुळे पाण्यातला प्राणवायू संपलेला असतो. तसा मासा घेऊ नये हे खरं, पण कारण वेगळं आहे.

गरोदर बाई, बाळंतीण, लहान मुलं

खरी काळजी इथे घ्यायची. मोठ्या माणसाला त्रास व्हायला बराच पारा लागतो. पोटातल्या बाळाचा मेंदू घडत असतो, त्याला थोडाही पुरतो. पण म्हणून मासे बंद करणं ही दुसरी चूक, कारण त्याच मेंदूला माशातलं डीएचए (ओमेगा-3 चा एक प्रकार) लागतं. अमेरिकेचा सल्ला गरोदर बाईला आठवड्याला 225 ते 340 ग्रॅम कमी पाऱ्याचा मासा खा असा आहे. टाळा असं तो म्हणत नाही.

52 किलोच्या बाईचा कोटा 36.4. लाइट टूनाचे दोन डबे बसतात (32.8), अल्बाकोरचा एकही पूर्ण बसत नाही. सगळ्यात सोपं म्हणजे या काळात टूना सोडून सार्डिन, बांगडा, मांदेली, कोळंबी यांवर यायचं. मग मोजायचीही गरज उरत नाही. दिवस जायच्या आधीच ठरवता आलं तर उत्तम. सहा महिने मासा बदलला की आधीचा साठा दहा टक्क्यांच्याही खाली येतो.

बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरी किंवा मुशी खायला घालायची पद्धत आहे. सासूबाई, आई मायेने कोकणातून मागवतात. मोरी म्हणजे शार्क. लहान मोरीत मोठ्या शार्कइतका पारा नसतो, पण पिल्लू किती मोठं होतं आणि सुकवलेला तुकडा कोणत्या माशाचा, हे बाजारात सांगता येत नाही. घरातल्या मोठ्यांना दुखवायचं नसेल तर ‘मोरीऐवजी ताजे पेडवे किंवा सोडे आणूया’ असं सुचवा. प्रोटीन तेवढंच मिळतं, आणि जोडीला अळिवाची खीर, लाडू आहेतच.

मुलांचं गणित वजनामुळे पटकन चुकतं. 14 किलोच्या पोराचा कोटा 9.8 मायक्रोग्रॅम, म्हणजे आठवड्याला 78 ग्रॅम लाइट टूना. एक डबा भाऊ-बहिणीत अर्धा-अर्धा वाटला तर धाकट्याचा बहुतेक कोटा एका सँडविचमध्ये गेला. एक ते तीन वर्षांच्या मुलाला एका वेळी 28 ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे, चार ते सात वर्षांच्या मुलाला 56 ग्रॅम, आणि आठवड्यात दोनच वेळा. अल्बाकोर लहानांना देऊच नका.

ज्याने फरक पडत नाही

पारा माशाच्या चरबीत नसतो, तो स्नायूंच्या प्रथिनाला चिकटलेला असतो. म्हणून डब्यातलं तेल ओतून देणं, मासा धुणं, कातडी काढणं, कोकम-लिंबू-हळद लावून ठेवणं, उकडणं, यातल्या कशानेही तो निघत नाही. तव्यावर कोरडा परतला तर उलट पाणी उडून दर ग्रॅममागे प्रमाण वाढतं. धुण्याने मीठ मात्र खरंच कमी होतं, रक्तदाबवाल्याने जरूर धुवावा. महागडा ब्रँड, पाण्यातला की तेलातला, यांनी पाऱ्यात विशेष फरक पडत नाही, जातीने पडतो. माशाच्या तेलाच्या शुद्ध केलेल्या कॅप्सूलमध्ये पारा नगण्य असतो, त्याचं कारणही हेच.

डबा फुगलेला, शिवणीवर चेपलेला किंवा फोडताना फस्स करून उडालेला असेल तर चाखूनही न बघता फेकून द्या. तिथे बोट्युलिझमचा, म्हणजे डब्यात वाढलेल्या जिवाणूंच्या विषाचा धोका आहे, आणि तो पाऱ्यासारखा महिन्यांनी नाही, दिवसात जीव घेतो. उरलेला मासा पत्र्यात न ठेवता स्टीलच्या डब्यात काढून फ्रिजमध्ये, दोन दिवसांत संपवा. मे महिन्यात ओट्यावर विसरलेला टूना पुन्हा गरम करून खाऊ नका. त्यात तयार झालेलं हिस्टामिन गरम करून जात नाही, अंगावर लाल चट्टे येतात आणि डोकं ठणकतं.

तपासणी कोणी करायची

महिनोनमहिने रोज टूना खाणारा, ओठांभोवती किंवा बोटांना मुंग्या, हात थरथरणं, तोल जाणं असं जाणवणारा, किंवा तसंच खाणं असताना दिवस गेलेली बाई, यांनी डॉक्टरांना विचारून रक्तातल्या एकूण पाऱ्याची तपासणी करावी. मुंग्या येण्याची कारणं बी-12 च्या कमतरतेपासून मधुमेहापर्यंत बरीच आहेत. म्हणून डॉक्टरांना नुसतं ‘मासे खातो’ न म्हणता जात, ग्रॅम आणि किती महिने, हे लिहून द्या.

लघवीची तपासणी यासाठी उपयोगाची नाही. मिथाइल मर्क्युरी पित्तावाटे बाहेर पडतं, लघवीत फारसं उतरत नाही, आणि रिपोर्ट नॉर्मल येऊन उगाच निश्चिंती वाटते. सांगली-मिरजेतल्या बऱ्याच लॅब असा नमुना बाहेर पाठवतात. त्यामुळे रक्त देताना धातूंच्या तपासणीची गडद निळ्या टोपणाची नळी आहे ना, हे आधी विचारा. साध्या नळीतून धातूचा अंश मिसळू शकतो. रक्तात लिटरमागे 5.8 मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर तुम्ही कडक मर्यादेच्या आत आहात. थोडं वर निघालं तर उपाय मासा बदलण्याचा. ‘डिटॉक्स’च्या पुड्या किंवा कुणी सुचवलेलं किलेशन (अंगातले धातू बाहेर काढणारा औषधोपचार) स्वतःहून घेऊ नका, किलेशनची औषधं शरीराला लागणारी खनिजंही ओढून नेतात. टूना थांबवून साडेतीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा नमुना द्या, आकडा साधारण चौथाईवर आलेला दिसायला हवा. नाही आला तर मासा सोडून दुसरीकडून पारा येतोय का, हे डॉक्टरांबरोबर शोधावं लागेल. पाऱ्याची भस्मं आणि गोरेपणाच्या क्रीम ही त्यातली पहिली दोन ठिकाणं.